देवधरांचा कॅनरी

देवधर कॅनरीच्या आधी जेवत नाहीत. त्या पिवळ्या पाखरानं पिंजऱ्यात भाताच्या शितावर चोच मारली, की मग यांचं ताट. पाखरू रुसलं तर माणूस उपाशी. इंजिनियर म्हणून रिटायर झालेला माणूस, आणि ही अक्कल.

होनोलुलूत आमच्या शेजारी राहतात, एकटेच. मी एसटीचा मेकॅनिक, सातवी नापास, हल्ली मुलीकडं असतो. पण पाखराला कोंडू नये एवढं मला कळतं. तोंडावर सांगितलं तसं.

"सोडला तर मांजर खाईल, पवार. हा इथला नाही. बोटीतनं आणलेली जात."

"मग आणला कशाला?"

"इथला कोण आहे? ती साळुंकी आपल्याकडची. आंबा आपल्याकडचा. तुम्ही कुठले?"

कशावरही बोला, शेवटी हेच. माझी ही गेली तेव्हा भेटायला आले, आणि दारातल्या चाफ्याकडं बघून म्हणाले, "हाही इथला नाही." मी चहा विचारला नाही.

परवा हिचं वर्षश्राद्ध. भातात तीळ घालून पान मागच्या अंगणात ठेवलं आणि बसलो. कबुतरं आली, साळुंक्या आल्या. टॉवेलनं हाकलल्या.

मुलगी म्हणाली, "बाबा, इथे कावळे नाहीतच. दुसऱ्या कुणी खाल्लं तर चालेल ना?"

मी तिच्यावर ओरडलो. पन्नास वर्षं संसार केलेल्या बाईचा घास, आणि कुणीही भुरट्यानं उचलावा? कसला हा मुलूख, साधा कावळा नाही.

दुपार कलली तेव्हा देवधर आले, हातात पिंजरा. आता ऐकवणार, म्हणून मी तोंड फिरवलं. त्यांनी पिंजरा पानाशेजारी ठेवला आणि दार उघडलं. मीच घाबरलो.

"अहो, उडून जाईल."

"गेला तर गेला. साळुंक्या भुकेपोटी येतात. याचं पोट भरलंय, खाल्लं तर ऐकूनच खाईल. बोला. वहिनींचं काय राहिलं होतं?"

मला ठाऊक होतं. शेवटचे दोन महिने ती एकच म्हणत होती, मला गावी न्या. डॉक्टर, विमान, इन्शुरन्स सांगत मी टाळलं.

"सुमन," मी म्हणालो, "तुझ्या अस्थी कपाटातच आहेत. दिवाळीच्या आत कृष्णेला घेऊन जातो. मी स्वतः."

पाखरू बाहेर आलं. मान वाकडी करून बघत राहिलं. मग एक शीत उचललं आणि आपणहून पिंजऱ्यात गेलं.

देवधरांनी दार लावलं.

"माझ्या हिच्या वेळी अंधार पडेपर्यंत बसलो होतो," ते म्हणाले. "दुसऱ्या दिवशी हा आणला. नऊ वर्षं झाली."

"मग अजून रोज कशाला विचारता त्याला?"

"तिचं एकच राहिलं होतं का, पवार?"

मी आत जाऊन दोन ताटं घेतली.