खाली म्हणजे कुठे?

विश्वास साठे गालाला फेस लावून बसले होते आणि नेमका तेव्हाच शकीलमियाँचा फोन आला. शकीलमियाँ म्हणजे त्यांच्या रस्तेबांधणी खात्याच्या ट्रकचे ड्रायव्हर. गोदामाची किल्ली ज्याच्याकडे, तो मेव्हण्याच्या लग्नाला उज्जैनला गेलेला. म्हणून जुन्या टायरच्या चुऱ्याची वीस पोती घेऊन मियाँ थेट भोपाळच्या कोटरा भागात, साठ्यांच्या इमारतीसमोर येऊन उभे राहिले होते.

"साहब, बोरे ऊपर ले आऊँ?"

"अरे नहीं, खाली. खाली!"

"सारे?"

"सारे."

पुण्याहून भोपाळला बदली होऊन साठ्यांना तीन वर्षं झाली होती. हिंदी तशी फर्मास. फक्त घाईत असले की एखादा मराठी शब्द हळूच हिंदीच्या पंगतीत जाऊन बसायचा. मियाँ पडले हुकमाचे पक्के. हिंदीत पोती खाली करायची म्हणजे रिकामी करायची. त्यांनी पार्किंगमध्ये वीसच्या वीस ओतली.

दूध आणायला गेलेल्या वंदनाताई पिशवी रिकामीच घेऊन परतल्या. "अहो, खाली काळा डोंगर झालाय. शेजारच्या उदयभाऊंची स्कूटर दिसेनाशी झालीय."

साठे अर्धी दाढी तशीच ठेवून धावले. हा चुरा डांबरात मिसळून रस्ता करायचा, तो भेगाळत नाही, ही त्यांची कल्पना. दीड वर्ष साहेबांच्या मागे लागून याच गल्लीत प्रयोग करायला त्यांना एक दिवस मिळाला होता, आणि तो आजचा होता. आज फसलं की नेहमीचं डांबर, आणि ऑफिसात 'टायरवाले साठे' हे नाव जन्माचं चिकटणार.

"मियाँ, खाली मतलब नीचे रखो!"

"तो नीचे बोलते न साहब. हमारे यहाँ खाली मतलब खाली."

मग काय, झाडू आले, सुपं आली. चुऱ्यात झेंडूच्या पाकळ्या, एक बटण आणि कुणाचीतरी हरवलेली किल्ली निघाली. साठ्यांनी स्वयंपाकघरातली चाळण उचलली.

"यातून मी उद्या कणीक चाळायची का?" वंदनाताईंनी विचारलं.

"नवी आणतो गं."

"दोन आणा. पुढच्या प्रयोगाला लागेल."

दुपारपर्यंत चुरा डांबराच्या प्लांटवर पोहोचला. तीन वाजता मियाँचा गरम डांबराने भरलेला वाफाळता ट्रक गल्लीच्या वरच्या टोकाला येऊन उभा राहिला. साठ्यांचा जीव भांड्यात पडला. सकाळचा धडा ते विसरले नव्हते. हात उंचावून ते अस्सल हिंदीत ओरडले. "मियाँ, ट्रक खाली करो!"

पण धडा मियाँही शिकले होते. "जी साहब, खाली," म्हणत त्यांनी ट्रक उतारावरून थेट तळाला, नाल्याच्या वळणावर नेला आणि तिथे बिडी पेटवून शांतपणे बसले.

वर मजूर फावडी घेऊन उभे, रोलर उभा, साठे उभे. गरम माल थांबत नाही. थंड झाला की दगड. ट्रक वळवून वर आणेपर्यंत सगळंच मुसळ केरात. शेवटी साठे म्हणाले, "चला रे, सगळे खालीच चला." दरवर्षी तळं साचायचं त्या वळणावर, होता तेवढा माल पसरून झाला. वरची गल्ली दुसऱ्या दिवशी नेहमीच्या डांबराने उरकली.

पावसाळा संपल्यावर साहेब पाहणीला आले. वरच्या गल्लीत गाडी तीनदा आपटली. वळणावर आली आणि अलगद सरकली. साहेब उतरले, बुटाने रस्ता दाबून पाहिला. आज साहेबांची गाडीही मियाँच चालवत होते; ते दार धरून उभे होते.

"सबसे बुरी जगह चुनी आपने, साठे जी. इसके लिए जिगर चाहिए."

साठ्यांनी नजर नाल्याकडे वळवली. मियाँनी आकाशाकडे पाहिलं.

"मुख्यालय में एक पोस्ट खाली है. आपका नाम भेज रहा हूँ."

साठ्यांचा चेहरा उतरला. खालची पोस्ट? त्यांनी हळूच मियाँकडे पाहिलं.

"हिंदी वाला खाली, साहब," मियाँ पुटपुटले. "मुबारक हो."