सात नंबरची खोली

"तापमान हा माझा प्रांत आहे! त्यात मला कोणी शिकवायचं नाही!"

हे वाक्य पारासाहेब दिवसातून किमान तीनदा म्हणत. पारासाहेब हे अर्थात गल्लीने दिलेलं नाव. साहेब एका मोठ्या शीतगृहाचे व्यवस्थापक होते. मटार, सफरचंदं आणि लोणी असा सगळा माल तिथे सहा खोल्यांत गारठून पडलेला असायचा, आणि साहेबांच्या एका शब्दावर त्या खोल्या गार व्हायच्या. बावीस वर्षांत एकाही मटाराने त्यांच्यापुढे मान वर केली नव्हती!

घरी मात्र साहेबांना कोणी विचारत नसे. हिवाळा लागला की हॉलच्या भिंतीवरच्या गोल बटणावरून रोज धुमश्चक्री. हे बटण हीटरचं. बायकोला सदा थंडी वाजायची, साहेबांना सदा उकडायचं. ती बटण उजवीकडे फिरवायची, हे डावीकडे. साहेबांच्या आईला स्वतःला ना थंडी ना उकाडा, पण कोणी बटणाला हात लावला की खुर्चीत बसल्याबसल्या त्यांना कळायचं आणि त्या ते मोठ्यांदा जाहीर करायच्या.

"फिरवलं बघ त्याने! फिरवलं!"

एका रविवारी साहेब एक चकचकीत खोका घेऊन आले. आत स्मार्ट थर्मोस्टॅट.

"आता भांडण संपलं!" साहेबांनी घोषणा केली. "हे यंत्र स्वतः बघतं, स्वतः ठरवतं. फोनवरून कुठूनही चालवता येतं. आमच्याकडे शीतगृहात याच कंपनीचं आहे. डोळे झाकून विश्वास ठेवावा असं!"

बायको प्रूफं तपासत होती. शाळेच्या पुस्तकांची प्रूफं ती घरीच तपासायची, त्यामुळे दिवसभर घरात तीच आणि सासूबाई. तिने लाल पेन खाली ठेवलं.

"अहो, पण गरज काय याची? बटण चांगलं चाललंय की."

"अगं, बटण म्हणजे अडाणीपणा झाला! जग कुठे चाललंय!"

"जग कुठेही जाऊ दे. मला घर गरम हवंय." मग ती म्हणाली, "बरं, असं करू. आठ दिवस बघू. आठ दिवसांत मी आणि आई एकदाही कुडकुडलो नाही, तर राहू दे हे भिंतीवर. कुडकुडलो, तर घरात किती गरम आणि किती गार, यावर तुम्ही उभ्या जन्मात तोंड उघडायचं नाही!"

घरात त्यांना बोलण्यासारखा विषय तेवढा एकच होता! मुलीच्या लग्नात कोणी विचारलं नव्हतं, पडद्यांच्या रंगात कोणी विचारलं नव्हतं. तापमानही गेलं, तर मग उरलं काय? पण माघार घेतील तर ते साहेब कसले!

"कबूल!" ते म्हणाले. "आई, तू साक्षीदार!"

"मी आहेच की, जातेय कुठे," आई म्हणाल्या.

साहेबांनी यंत्र बसवलं. फोनमधल्या अ‍ॅपने विचारलं, नवीन खातं उघडायचं का? साहेब हसले. नवीन कशाला? शीतगृहाचं खातं होतंच की! मग अ‍ॅपने विचारलं, या जागेचं नाव? इथे साहेबांचं बोट क्षणभरही थांबलं नाही. शीतगृहात खोल्या सहा. त्यांनी सवयीने लिहिलं, 'खोली नं. ७'. बायकोच्याही फोनवर अ‍ॅप टाकून दिलं, यंत्र बावीसवर लावलं, आणि रात्री विजयी वीरासारखे घोरले.

सोमवारी सकाळी सव्वानऊला फोन.

"अहो, गार पडतंय घर."

"शक्यच नाही!" साहेबांनी केबिनमध्ये बसून फोन उघडला. बघतात तर यंत्र पाचवर! त्यांनी ते पुन्हा बावीसवर नेलं. "झालं बघ. नवीन यंत्र आहे, जरा रुळू दे."

अकरा वाजून दहा मिनिटांनी पुन्हा फोन. पुन्हा पाच. पुन्हा बावीस. एक वाजून गेला, फोन! तीन, फोन! पाच वाजता बायकोने फोनही केला नाही. नुसता हातमोजा घातलेल्या हाताचा फोटो पाठवला, हातात लाल पेन. पुन्हा बावीस.

आणि गंमत बघा! संध्याकाळी साहेब घरी आले, तर घर कसं उबदार! रात्रभर यंत्र बावीसवरून तसूभर हललं नाही.

"मी असलो की कसं नीट चालतं?" साहेब म्हणाले.

"म्हणजे आम्ही दिवसभर खोटं कुडकुडतो?"

"तसं नाही गं. पण कारण माझ्या लक्षात आलंय. या यंत्राला माणसांची हालचाल कळते. घरात काही हललं नाही, की त्याला वाटतं घर रिकामं आहे, मग ते हीटर बंद करतं. आई तासन्‌तास खुर्चीत बसते. यंत्राच्या लेखी घरात कोणी नाही!"

हे ऐकून आई खुर्चीतून उठल्या. चार महिन्यांत त्या इतक्या चपळाईने उठल्या नव्हत्या.

"मी घरात नाही? पंचाहत्तर वर्षांची बाई समोर बसलेय आणि तो भिंतीवरचा डबा म्हणतो मी नाही? आणि तू त्याचं ऐकून घेतोस?"

"आई, तू फक्त मधूनमधून हात हलव."

"डब्याला टाटा करू?"

पण मुलाच्या शब्दाखातर माउली मंगळवारपासून हात हलवू लागली. बायकोने दर अर्ध्या तासाला यंत्रासमोरून एक फेरी मारायची, असा तक्ताच साहेबांनी करून दिला. तरी दर दोन तासांनी यंत्र पाचवर! गुरुवारी साहेबांनी यावर जालीम उपाय काढला. टेबलफॅन! त्याच्या पुढ्यात दोरीवर टॉवेल वाळत घालायचा. पंखा चालू राहील, टॉवेल हलत राहील, यंत्राला वाटेल घर माणसांनी भरलंय. आता चित्र डोळ्यांपुढे आणा. बाहेर हाडं गोठवणारी थंडी, आत दोन बायका स्वेटरवर स्वेटर चढवून बसलेल्या, आणि घर गरम व्हावं म्हणून अंगावर पंखा!

"कुडकुडलो," बायको फोनवर म्हणाली. "पैज तुम्ही हरलात."

"आठ दिवस ठरलेत! शिवाय कुडकुडलात त्या पंख्यामुळे, यंत्रामुळे नव्हे!"

पलीकडून फोन आपटल्याचा आवाज आला.

शनिवारी साहेब लवकर घरी आले आणि कंपनीचा मेकॅनिक बोलावला. त्याने यंत्र उघडलं, दोन बटणं दाबली, टॉवेलकडे बघितलं, पंख्याकडे बघितलं, आणि झाकण पुन्हा लावलं.

"यंत्रात काडीचाही बिघाड नाही साहेब," तो म्हणाला. "आणि याला हालचालबिलचाल काही कळत नाही. ते महागातलं मॉडेल. हे तर सांगितलेलं ऐकतं फक्त. कोणीतरी अ‍ॅपवरून मुद्दाम पाचवर नेतंय. दर दोन तासांनी, घड्याळ लावल्यासारखं."

आईंनी हलवत असलेला हात हळूच खाली घेतला आणि मुलाकडे अशा काही नजरेने बघितलं, की त्याने मान वळवली.

मेकॅनिक गेला. साहेबांच्या डोक्यात चक्रं फिरू लागली. अ‍ॅप कोणाकडे आहे? माझ्याकडे. आणि हिच्याकडे! मी तर पाचवर नेत नाही. मग? दुसऱ्या दिवशी रविवार. साहेब दिवसभर घरी, आणि यंत्र दिवसभर बावीसवर! संशयाला जागाच उरली नाही. संध्याकाळी ते बायकोसमोर उभे राहिले.

"तूच करतेस!"

"काय?"

"पैज जिंकायला! मी ऑफिसात गेलो की तू पाचवर नेतेस, मग मला फोन करतेस, थंडी, थंडी!"

बायकोच्या अंगात दोन स्वेटर होते, डोक्याला मफलर होता, नाक लाल झालेलं होतं. तिला खरंच लागलं होतं.

"अठ्ठावीस वर्षं झाली लग्नाला," ती म्हणाली. "तुमचं पटलं नाही तर मी तोंडावर भांडले. पाठीमागून काही केलं नाही. उद्या रजा काढा आणि माझ्यासमोर बसा. दोघांचे फोन टेबलावर ठेवू. उद्या काय ते होऊन जाऊ दे."

सोमवार, आठवा दिवस. साहेबांनी रजा टाकली. हॉलमध्ये टेबल मांडलं गेलं. टेबलावर दोन फोन, एका बाजूला साहेब, दुसऱ्या बाजूला बायको हाताची घडी घालून, आणि मध्ये साक्षीदार आई. नऊ वाजले. कोणी बोटही हलवलं नव्हतं. यंत्रावरचा आकडा बावीस होता, तो टुणकन पाच झाला!

"फिरवलं!" आई ओरडल्या. "पण कोणी रे?"

साहेबांनी झडप घालून फोन उचलला. बावीस! दोन मिनिटांत पाच. बावीस! पाच. साहेबांना घाम फुटला. बावीस! पाच! बावीस! पाच! साहेब आता उभे राहून खेळत होते. समोरचाही काही कमी नव्हता. साहेबांचं बोट निघतं न निघतं, तोच आकडा खाली!

"भूत आहे!" आई म्हणाल्या. "डब्यात भूत आहे!"

इतक्यात साहेबांचा फोन वाजला. शीतगृहातला असिस्टंट. साहेबांनी घाईत स्पीकर लावला.

"आत्ता नको रे! मी फार गडबडीत आहे!"

"सॉरी साहेब, रजेच्या दिवशी त्रास देतोय! पण इथे आणीबाणी आहे! सात नंबरमध्ये कोणीतरी घुसलंय!"

"कुठे?"

"सात नंबरच्या खोलीत! कालची सुटी सोडली, तर गेले सहा दिवस मी ड्यूटीवर बघतोय. दर राउंडला ती खोली बावीसवर गेलेली असते! मी खाली आणतो, दोन तासांनी बघतो तर पुन्हा बावीस! आज तर बदमाश समोरासमोर आलाय साहेब! मी खाली नेतोय, तो वर नेतोय! पण मी सोडत नाही त्याला! आतल्या आत गारठवून काढतो!"

बायकोने आधी यंत्रावरच्या आकड्याकडे बघितलं, मग साहेबांकडे.

"सात नंबर..." साहेबांनी बोटं मोजली. "अरे, आपल्याकडे खोल्या सहाच आहेत ना?"

"मागे नवीन बांधकाम चाललंय ना साहेब, मला वाटलं तिथली. स्क्रीनवर अचानक आली. आम्हाला कोण सांगतंय! आणि तुमचाच नियम आहे, कोणतीही खोली पाचच्या वर गेली की खाली आणायची, कोणाला विचारत बसायचं नाही."

"पण मला एका शब्दाने सांगायचंस तरी!"

"तुम्हीच म्हणाला होतात, बारीकसारीक गोष्टी घेऊन केबिनमध्ये यायचं नाही. तरी रोजच्या अहवालात लिहिलंय की साहेब! 'सात नंबर बावीसवर आढळली, पाचवर आणली.' सहाही दिवस लिहिलंय. लाल शाईने."

बायको टेबलावरून पुढे झुकली. तिचा आवाज अगदी गोड झाला होता. तो गोड झाला की घरात सगळे घाबरतात.

"भाऊजी, मी बोलतेय. त्या अहवालाखाली सही कोणाची असते हो?"

"वहिनी, नमस्कार! साहेबांचीच की. सहाही दिवसांची आहे."

साहेब खुर्चीत बसले. अहवाल न वाचता सही करायची, हे ते बावीस वर्षं बिनबोभाट करत आले होते. सहा दिवस भिंतीपलीकडे बसून तो बिचारा पारा उतरवत होता, भिंतीअलीकडे बसून हे चढवत होते, आणि संध्याकाळी खाली सही ठोकत होते! आई तोंडाला पदर लावून इतक्या हसल्या, की त्यांना पाणी द्यावं लागलं.

"साहेब, पोलिसांना कळवू का?" असिस्टंटने विचारलं.

"नको!" साहेब किंचाळले.

बायकोने फोन आपल्या हातात घेतला आणि साहेबांकडे बघत तिने सगळं त्याला समजावून सांगितलं. सात नंबरची खोली कुठे आहे, तिच्यात कोणता माल भरलेला आहे, आणि त्या मालाला किती ऊब लागते. पलीकडून आधी "अरे देवा!", मग एकामागून एक माफी.

"तुम्ही कशाला माफी मागताय?" बायको म्हणाली. "दर दोन तासांनी, न चुकता! असं लक्ष माझ्या घरावर कोणी ठेवलंय आजवर? तुम्ही आता एवढंच करा. सात नंबर बावीसवर ठेवा. कोणी खाली नेलं तर वर आणा."

"बिनघोर राहा वहिनी!"

साहेबांना वाटलं होतं, आता बायको यंत्र उपटून खोक्यात घालायला लावील. पण ती म्हणाली, "छे! काढायचं कशाला? यंत्र उत्तम आहे. तुम्ही मात्र पैज हरलात. जन्मभर तोंड बंद!" आणि काल 'तूच करतेस' म्हटल्याबद्दल तिने आईंसमोर त्यांच्याकडून कान धरून माफी मागून घेतली ती वेगळीच.

तेव्हापासून घर कसं उबदार आहे. बायको हातमोज्यांशिवाय प्रूफं तपासते, आई मुळीच हात हलवत नाहीत. साहेब सुटीच्या दिवशी बनियनवर बसून घाम पुसतात आणि शब्दाला मुकलेले असतात. परवा मात्र त्यांना अगदीच राहवलं नाही. बाथरूममध्ये गेले, आतून कडी लावली, नळ सोडला आणि असिस्टंटला फोन लावला.

"ऐक," ते कुजबुजले, "साहेब बोलतोय. सात नंबर एक अंश खाली घे. एकच! हा माझा हुकूम समज."

"हो साहेब! आत्ता घेतो साहेब!" असिस्टंट तत्परतेने म्हणाला. "फक्त एकदा वहिनींना फोन देता का?"