मालकांचा कान

मालकांनी डोळे मिटले, मान डावीकडे कलती केली आणि गाणं अर्ध्यावर यायच्या आत हात वर केला. हात वर म्हणजे बंद करा. तीन वर्षं राबून बनवलेली स्पीकरची जोडी भिंतीपासून दोन हात पुढे स्टँडवर उभी होती आणि तिच्यामागे तिला बनवणारा उभा होता.

"आवाज पांघरुणातून येतोय," मालक म्हणाले. "बारीक आवाज कुठाय?"

बारीक आवाज होता. गाण्यात दर दोन ओळींनी एक छोटी घंटी किणकिणत होती, ती दाराबाहेर खोकी चिकटवणाऱ्या बाईलाही ऐकू येत होती. फक्त मालकांना येत नव्हती. वय बहात्तर, त्यातली पन्नास वर्षं कर्ण्यांसमोर बसून काढलेली. वरच्या पट्टीतले आवाज त्यांना सोडून केव्हाच गेले होते. कारखान्यात हे सगळ्यांना ठाऊक होतं आणि सगळे मूग गिळून बसले होते. कारण या कारखान्याच्या प्रत्येक खोक्यावर एक कान छापलेला असे, आणि तो मालकांचा होता. कामगार म्हणायचे, त्यांच्या कानाखालून गेल्याशिवाय इथून काही सुटत नाही, माल काय अन् माणूस काय.

पगारी माणूस घाबरट असतो. ही जोडी बनवणारा तर घाबरटांचा मुकादम. जेवतानाही रेझिस्टरचे आकडे पुटपुटतो म्हणून सगळे त्याला त्या आकड्यांच्या मापावरून ओहम म्हणत. पण ही जोडी त्याने पोटच्या पोरीसारखी वाढवली होती. आजवर त्याने बनवलेलं प्रत्येक मॉडेल कोणाच्या ना कोणाच्या लहरीपायी वाकडं होऊन बाजारात गेलं होतं. ही तरी जशी बनली तशी जावी, एवढीच त्याची मागणी होती. आठ दिवसांनी विक्रेते ऐकायला येणार होते.

"बघतो, मालक," ओहम म्हणाला. इथेच सगळं चुकलं.

स्पीकरमध्ये बारीक आवाजाचा वरचा छोटा ट्वीटर जाड आवाजाच्या खालच्या वूफरपेक्षा जात्याच जोरात बोलतो. त्याला आवरायला त्याच्या वाटेत एक रेझिस्टर घालतात. ओहमने चाळीस वेळा ऐकून तो पाच ओहमचा घातला होता. आता चारचा घातला. मालक म्हणाले, पांघरूण. तीनचा घातला. मालक म्हणाले, पातळ पांघरूण. दोनचा घातल्यावर खोकीवाली बाई कानात कापूस घालून बसू लागली. शेवटी ओहमने रेझिस्टर काढूनच टाकला, तेव्हा मालक म्हणाले की आता कुठे तोंड दिसायला लागलंय, आणि नेमका त्याच वेळी ट्वीटर जळाला. लगाम काढल्यावर दुसरं काय होणार.

मग मोठा ट्वीटर आला. मोठ्याला मोठं भोक लागतं, म्हणजे पुढची फळी नवी. सुतारमामांनी त्या फळ्यांच्या कडा महिनाभर हाताने घासून गोल केल्या होत्या, कारण धारदार कडेवरून आवाज विस्कटतो असं ओहमनेच त्यांना पटवलं होतं. आता त्यांनी फळ्या कोपऱ्यात रचल्या. मामा बोलले असते तर बरं झालं असतं.

ट्वीटर असा किंचाळू लागल्यावर खालचा आवाज मालकांना किरकोळ वाटू लागला. खालचा आवाज हवा तर पेटी मोठी हवी. अठरा लिटरची चाळीसची झाली, चाळीसची नव्वदची. मोठ्या पेटीच्या बाजू स्वतःच घुमायला लागल्या, म्हणून आतून आडव्या फळ्या ठोकल्या. फळ्यांनी वजन वाढलं, वजनाने स्टँड वाकले, म्हणून स्टँडच काढले. पुस्तकांच्या कपाटात ठेवायचा म्हणून जन्माला आलेला स्पीकर सहाव्या दिवशी कपाटाएवढा झाला होता आणि तो हलवायला चार माणसं लागत होती.

मालक खूश होते. बाकी कारखाना डोकेदुखीच्या गोळ्या खात होता.

ओहमने एकदाच धीर केला, तोही आडवाटेने. मालकांची लेक विक्रीचं बघायची, तिला सगळे ताई म्हणत. तिच्या टेबलापाशी उभं राहून त्याने बराच वेळ हवापाण्याच्या गोष्टी केल्या आणि मग विचारलं, मालकांचे कान कोणी तपासलेत का.

"ओहम, हे बाबांना सांगायची आमच्यात हिंमत असती," ती म्हणाली, "तर आमचा टीव्ही शेजाऱ्यांना फुकट ऐकायला मिळाला असता का?"

पण ती विचारात पडली, हे त्याने पाहिलं. त्याला बरं वाटलं. मूर्ख माणूस.

ओहमच्या घरी पहिल्या, खऱ्या घडणीची एक जोडी होती. ती लावून तो भिंतीकडे बघत बसला की बायकोला घास उतरत नसे. त्या आठवड्यात भाजी अळणी आहे, पंखा आवाज करतो, मुलीची वही फाटकी आहे, अशा प्रत्येक गोष्टीवरून तो घरात ओरडला होता.

"तिकडे दिवसभर मान हलवता आणि इकडे येऊन आमच्यावर खेकसता," बायको म्हणाली. "एकदा तिकडे खेकसा, आणि इकडे येऊन मान हलवा."

एवढं ऐकून घेतल्यावर माणसाला काहीतरी करावंच लागतं. विक्रेत्यांना माल आधी काळ्या कापडाआडून ऐकवायची कारखान्याची रीत होती. डोळ्यांनी कानाला फितवू नये म्हणून. विक्रेते यायच्या सकाळी सगळ्यांच्या आधी येऊन ओहमने कापडामागे आपली घरची लहान जोडी उभी केली. मामांनी पाहिलं आणि कोणी आत येऊ नये म्हणून दाराला पाठ लावून उभे राहिले. एवढी साथ त्या कारखान्यात कोणी कोणाला दिली नव्हती.

गाणं सुरू झालं. बारा विक्रेते, सगळे मुरलेले. दुसऱ्या मिनिटाला त्यांच्यातल्या सगळ्यात तुसड्याने चष्मा काढून मांडीवर ठेवला. घंटी किणकिणली तेव्हा दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. गाणं संपल्यावर तुसडा हळूच म्हणाला की पुन्हा लावा, आणि माझ्या दुकानासाठी चाळीस जोड्या लिहून घ्या. ओहमच्या डोळ्यांत पाणी आलं. तीन वर्षांत पहिल्यांदा.

गाणं पुन्हा लागलं. "बंद करा ते," मागून आवाज आला.

मालक दारात उभे होते. दोन्ही कानांत करड्या रंगाची छोटी यंत्रं. ताईने हिंमत केली होती. तीन दिवसांपूर्वी त्यांना कानाच्या डॉक्टरकडे नेलं होतं आणि यंत्रं आज सकाळी मिळाली होती. ज्या बारीक आवाजांना मालक वर्षानुवर्षं मुकले होते, ते यंत्रांनी दामदुपटीने वाढवून कानात ओतले होते. येताना त्यांना स्वतःच्या चपलांचा आवाज सहन झाला नव्हता.

"कान फाडले माझे," मालक म्हणाले. "हा माल बाहेर जाणार नाही."

ताई म्हणाली की बाबा, सगळ्यांना आवडलाय, चाळीस जोड्यांची मागणी आलीय.

"त्यांचे कान तपासलेत का कोणी? माझे तपासलेत. कागद आहे माझ्याकडे."

विक्रेते एकेक करून आपल्या कानाला हात लावू लागले. तुसड्याने चष्मा घातला आणि चाळीसचं पुढं बघू म्हणाला. तेव्हा ओहमने, जन्मात पहिल्यांदा, कापड ओढून काढलं आणि सांगून टाकलं की हीच ती पहिली जोडी, पांघरुणातली. मालक, यंत्रं काढून ऐका.

मालक न्यायी होते. त्यांनी यंत्रं काढली, डोळे मिटले, मान कलती केली. ऐकलं. मग यंत्रं घातली आणि पुन्हा ऐकलं.

"काढली की पांघरूण, घातली की किंचाळी," ते म्हणाले. "एका पेटीत दोन्ही खोड्या. तीन वर्षं केलंस काय तू? यापुढे प्रत्येक जोडी मी दोनदा ऐकणार, एकदा यंत्रं घालून, एकदा काढून. दोन्ही वेळेला आवाज सारखा आला पाहिजे."

ताईने छताकडे पाहिलं. ओहम तोंड उघडून उभा होता आणि त्या उघड्या तोंडातून जे बाहेर पडलं ते तेच होतं.

"बघतो, मालक."

विक्रेते गेले. ओहम सुतारखात्यात जाऊन भुशाच्या ढिगावर बसला. मामांनी त्याला विचारलं की आता नवी पेटी लागेल, तर माप काय घेऊ.

"मी मावेन एवढी घ्या," ओहम म्हणाला.

मामांनी टेप काढला आणि त्याला उभं राहायला सांगितलं. खांद्यापाशी मापलं, उंची मापली, आकडे फळीवर लिहिले. त्यांना असल्या बाबतीत थट्टा जमत नसे.

"आत लोकर भरायची, स्पीकरच्या पेटीत भरतो तशी?"

"गच्च भरा, मामा. बाहेरचं काही ऐकू यायला नको."