मागचं वजन

दोष जिथे दिसतो तिथेच तो असतो, या विश्वासावर जगातली बहुतेक दुरुस्ती चालते. हा विश्वास किती उपयुक्त आहे, ते आमच्या मोटारसायकलने सात महिन्यांत सिद्ध केलं.

मोटारसायकल माझा नवरा चालवतो. त्याच्या मागे मी बसते. माझ्या मागे, कॅरिअरवर, हत्यारांचा नवा कुलूपबंद डबा. रोज सकाळी बावीस किलोमीटर हमरस्त्याने जाऊन तो मला शाळेच्या प्रयोगशाळेत सोडतो. एके दिवशी ताशी ब्याण्णवला हँडल आपण होऊन डावी-उजवीकडे हलायला लागलं आणि वेग उतरल्यावर थांबलं. या प्रकारात माझी मान सहभागी असल्यामुळे मी विषयात रस घेतला आणि आकडा वहीत लिहिला.

आमच्या मेकॅनिकला सगळे ‘डॉक्टर’ म्हणतात. (ते गाडी बघण्याआधीच निदान करतात. त्यामुळे वेळ वाचतो.)

“थरथरते की डुगडुगते?” त्यांनी विचारलं.

“म्हणजे... थरथरल्यासारखी डुगडुगते,” नवरा म्हणाला.

“एक काय ते सांगा, साहेब. थरथरत असेल तर इंजिन. डुगडुगत असेल तर कोन सेट.”

कोन सेट म्हणजे हँडल ज्यावर फिरतं ते बेअरिंग. प्रश्न शास्त्रीय असल्यामुळे घरी मतदान घेतलं. सासरे या गाडीवर कधीच बसलेले नाहीत. त्यांनी निःपक्षपातीपणे डुगडुगीला मत दिलं. दिराने वडिलांना दिलं, नवऱ्याने दोघांना दिलं. मी ‘आधी मोजू या’ म्हणाले. ते मत बाद धरण्यात आलं.

कोन सेट बदलला. जुना डॉक्टरांनी कागदात गुंडाळून परत दिला. “जपून ठेवा. उद्या दुसऱ्या कुणाला दाखवायची वेळ आली तर पुरावा हवा.” नवऱ्याने तो डब्यात ठेवला.

पुढच्या आठवड्यात हँडल नव्वदला हललं. उपचार लागू पडत असल्याचं हे लक्षण मानलं गेलं. (दुखणं आधी उसळतं, मग उतरतं, असं डॉक्टर म्हणाले.) त्यानंतरच्या नोंदी अशा:

चेन आणि तिची दोन्ही दातेरी चक्रं बदलली. हँडल हललं: ८६ला.
पुढच्या ब्रेकची डिस्क बदलली: ८४.
मागचे दोन्ही शॉक ॲब्सॉर्बर बदलले: ७८.
पुढच्या शॉकमधलं तेल बदललं: ७७. (जुनं तेल बाटलीत भरून, वर तारीख घालून डब्यात.)

प्रत्येक भाग नवा, प्रत्येक जुना भाग डब्यात सुरक्षित. इतकी नीट सांभाळलेली केस आपण पाहिली नाही, असं डॉक्टर कौतुकाने म्हणाले. सत्त्याहत्तरला माझं हेल्मेट नवऱ्याच्या हेल्मेटवर दोनदा आपटलं. त्या संध्याकाळी मी जाहीर केलं की आता मी बसने जाईन.

दीर म्हणाला, “वहिनी, रागावू नका हं. पण मला विचाराल तर... मागचं वजन वाढलंय.”

सासरे खोकले. नवरा खिडकीबाहेर बघायला लागला.

मी रागावले नाही. सात महिन्यांत प्रथमच कुणीतरी मोजता येईल असं काही बोललं होतं.

मी वजनकाटा आणून सर्वांसमक्ष त्यावर उभी राहिले. चोपन्न किलो दोनशे ग्रॅम. शाळेच्या तपासणीत, सात महिन्यांपूर्वी, चोपन्न सहाशे. म्हणजे माझ्यापुरता मुद्दा निकालात निघाला. मग माझ्या मागे आणखी काय असतं, ते मी खाली जाऊन काढून आणलं आणि छातीशी धरून पुन्हा काट्यावर चढले. त्र्याहत्तर दोनशे.

“एकोणीस किलो,” मी म्हणाले. “भाग बदलला की हा वाढतो. हा वाढला की हँडल लवकर हलतं. वहीत आहे सगळं.”

“अगं, डबा मागे आहे,” नवरा समजुतीने म्हणाला. “हलतंय पुढे.”

“उद्या एक दिवस डबा घरी राहू दे. मान माझी आहे, एवढं ऐक.”

“आणि वाटेत कुणी पुरावा मागितला तर?”

दुसऱ्या दिवशी आम्ही पुराव्याविना निघालो. सत्त्याहत्तर. ब्याण्णव. शहाण्णव. हँडल जागच्या जागी. शाळेच्या फाटकाशी नवऱ्याने हेल्मेट काढलं. चेहरा उजळला होता.

“बघितलंस? नवा कोन सेट बसायला वेळ घेतो!”

डॉक्टरांनी फोनवर याला दुजोरा दिला. दीर ‘मी म्हटलं नव्हतं?’ असं भेटेल त्याला विचारतो. त्याने खरोखरच म्हटलं होतं, त्यामुळे मला काही बोलता येत नाही.

मी अजून गाडीनेच जाते. डबा गॅलरीत असतो, आणि तो पुन्हा कॅरिअरवर चढणार नाही एवढं मी लेखी घेतलं आहे.

आता वाचकहो, आपल्याबद्दल. थरथर की डुगडुग हा प्रश्न आला तेव्हाच आपलंही निदान पक्कं झालं होतं, हे मी जाणून आहे. गाडी न बघता झालं, याबद्दल अभिनंदन. काय बदलायला हवं होतं ते जरूर कळवा. डब्यात अजून थोडी जागा आहे.