डॉल्फिन बघायला

सकाळी मानमानला सांगितलं होतं की आपण डॉल्फिन बघायला चाललोय. आणलं मात्र जिल्हा रुग्णालयाच्या मूत्रविकार विभागात. मानमान आठ वर्षांचा होता आणि त्याला वाचता येत होतं. त्याने दारावरची पाटी वाचली, मग बाकांवर बसलेली मुलं मोजली. तेरा होती.

"यांनाही डॉल्फिनच सांगितलंय का?"

"मला पांडा सांगितलाय," शेजारी बसलेला मुलगा म्हणाला.

मानमानचा बाबा, लुओ चाओलिन, भिंतीकडे बघत राहिला. तो मोटार शिकवायच्या शाळेत शिक्षक होता. घाबरणाऱ्या शिकाऊंवर खेकसण्यात त्याचा हात धरणारा तालुक्यात कोणी नव्हता. "काही होत नाही," तो म्हणाला. "मुंगी चावल्यासारखं असतं."

उन्हाळ्याच्या सुट्टीत हा विभाग मुलांनी भरून जातो, कारण लघवीच्या जागेची पुढची कातडी कापून काढली तर जखम शाळा सुरू व्हायच्या आत भरते. मानमानची कातडी घट्ट होती. मार्चपासून दोनदा सूज आली होती आणि दुसऱ्या वेळी एकोणचाळीस अंश सेल्सिअस ताप. आज सकाळपासून तो तीनदा लघवीला जाऊन आला होता आणि तिन्ही वेळा ओठ चावत बाहेर आला होता. सोबत आलेल्या आजीने त्याच्या कपाळाला हात लावला.

"कोमट लागतंय," ती म्हणाली.

"उकाडा आहे, आई."

"उकाडा मलाही आहे. माझं कपाळ बघ."

तेवढ्यात भिंतीवरच्या पडद्यावर नाव उमटलं: लुओ चाओलिन, वय एक्केचाळीस.

चाओलिनने ते दोनदा वाचलं आणि नर्सच्या खिडकीशी गेला. "अहो, नंबर मुलाचा आहे. माझं नाव कसं आलं?"

"तुमच्या ओळखपत्रावर घेतलाय."

मग त्याच्या लक्षात आलं. नंबर सकाळी सातला फोनवर सुटत आणि मिनिटभरात संपत. तीन दिवस त्याचा अंगठा उशिरा पडला होता. चौथ्या दिवशी पडला तो सगळ्यात वरच्या नावावर, म्हणजे फोनच्या मालकावर. मुलाचं नाव खाली होतं. तिथपर्यंत जाण्यात दोन सेकंद गेले असते.

"मग बदलून द्या."

"एकाचा नंबर दुसऱ्याला लागत नाही."

"नवीन?"

"शाळा सुरू झाल्यावर मिळेल."

मागे मानमान पुन्हा उठला होता. आजी त्याला घेऊन गेली आणि परत आली तेव्हा तिचा आवाज बदलला होता. "रडला आत्ता. शाळा सुरू होईपर्यंत थांबायचं नाही. नाव तुझं आहे ना? मग तू आत जा. आम्ही सोबत आलोय."

डॉक्टर शन पन्नाशीच्या बाई होत्या. त्यांनी संगणकावरून नजर काढली नाही. "काय त्रास?"

"जळजळ, सूज. मध्ये ताप होता," चाओलिन म्हणाला. "म्हणजे मला नाही, मुलाला."

"लुओ साहेब, इथे निम्मे लोक दुसऱ्याचाच आजार घेऊन येतात. भावाचा, मित्राचा."

"हा मुलगा खरा आहे," आजीने मानमानला पुढे केलं.

डॉक्टरांनी त्याच्याकडे बघितलं, हात धुतले आणि त्याला पडद्याआड नेलं. बाहेर येऊन म्हणाल्या, "संसर्ग आहे. आधी तो उतरवायचा. मग मलम, सहा आठवडे. या वयात पुष्कळदा तेवढ्यानेच कातडी सैल होते. कोणी जबरदस्तीने ओढायची नाही. नाहीच झाली तर शस्त्रक्रियेचं बघू. त्याच्या नावाने मी जादा नंबर घालते."

"असा घालता येतो?"

"डॉक्टरला येतो. नर्सला तुम्ही ते विचारलं नसणार." त्यांनी पुन्हा पडद्याकडे बोट दाखवलं. "आता तुम्ही."

"मला काही नाही."

"आहे," आजी म्हणाली. "लहानपणापासून आहे. दर उन्हाळ्यात हेच. याच्या वडिलांना म्हटलं, दाखवून आणा. तर म्हणाले, मोठा झाला की होईल बरं. झाला की मोठा."

"आई."

"डॉक्टरांपुढे कसली लाज? लंगोट मीच धुतलेत तुझे."

चाओलिन आत गेला तो बराच वेळ आलाच नाही. मानमानने बाबांची पिशवी मांडीवर घेतली.

"वारंवार सुजून कातडीला व्रण पडलेत," डॉक्टर लिहीत म्हणाल्या. "ती आता मलमाने सैल होणार नाही, कापावीच लागेल. असंच ठेवलं तर एक दिवस लघवी अडेल. रक्तातली साखरही तपासून घ्या. गुरुवारी सकाळी या, उपाशी."

"कोणी?"

"ज्याचा नंबर आहे त्याने."

गुरुवारपर्यंत मानमानची जळजळ थांबली. चाओलिनला मात्र त्या दिवशी शिकाऊंची परीक्षा आठवली, मग गाडीचं तेल बदलायचं आठवलं. मानमान चपला घालून दारात उभा होता.

"चला, बाबा. डॉल्फिन बघायला."

त्याच बाकावर पांडावाला मुलगा पट्टी बदलून घ्यायला आला होता. जखमेला कापड घासू नये म्हणून त्याने बहिणीचा घेरदार झगा घातला होता आणि तो बेतानेच बसला होता. चाओलिनने इकडेतिकडे बघून त्याला हळूच विचारलं, "दुखतं का रे?"

मुलाने त्याला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं.

"काका, तुम्हाला काय सांगून आणलंय?"

चाओलिनने मानमानकडे बघितलं.

"डॉल्फिन," तो म्हणाला.

मुलगा सावकाश सरकला आणि त्याने बाकावर जागा करून दिली.