वाऱ्यावर बजावलेली नोटीस

सखाराम नानांनी वाऱ्यावर कायदेशीर नोटीस बजावली, तिच्यावर साक्षीदार म्हणून माझी सही आहे. हसू नका. मी शुद्धीत होतो.

नाना आमचे शेजारी. उभी हयात त्यांनी कोर्टात बेलीफ म्हणून काढली. आमच्या बेटावरच्या क्रेओल बोलीत बेलीफाला विसिए म्हणतात, म्हणून आमच्या रोझ बेल गावाच्या आसपास सगळे त्यांना विसिए नाना म्हणत. कोट, टाय, हॅट घालून सायकलवरून यायचे, दारात उभं राहून समन्स खणखणीत आवाजात वाचायचे आणि सही घ्यायचे. पेन्शनीत निघाल्यावर लोक परसात भाजी लावतात, भजनाला जातात. नानांनी एक जुना टाइपरायटर विकत घेतला आणि स्वतःच्याच नोटिसा बजावायला लागले.

"नाना, तुम्ही रिटायर झालात," मी एकदा म्हणालो.

"मी झालो. कायदा कुठे झाला?"

शेजारच्या शेळीने तुळस खाल्ली, शेळीला नोटीस. माझ्या आईने अंगणात पाला जाळला, आईला नोटीस. आईला वाचता येत नव्हतं. म्हणून त्यांनी ती फ्रेंचमधून वाचून दाखवली, मराठीतून समजावली, आईचा अंगठा घेतला आणि तिनेच केलेला चहा पिऊन गेले.

पण खरं वैर धुराशी. तेव्हा आमच्या बेटाला स्वातंत्र्य मिळून दहाएक वर्षं झाली होती. ऊसतोडीच्या आधी इस्टेटवाले, म्हणजे उसाच्या मोठ्या मळ्याचे मालक, शेत पेटवून द्यायचे, म्हणजे पाला जळतो आणि तोड सोपी होते. नानांच्या घरामागेच इस्टेटीच्या उसाचा एक पट्टा होता. तो पेटला की गल्लीभर काळी राख पडायची. आम्ही दोरीवरचे कपडे आत घ्यायचो आणि विसरायचो. नानांच्या बायकोला, अनसूया काकींना, दमा. धूर आला की त्यांचा श्वास अडकायचा, ओठ निळे पडायचे. नाना खिडक्यांना ओली फडकी लावायचे आणि हातात येईल त्या फायलीने त्यांना वारा घालत बसायचे. तेवढा एक पट्टा न जाळता हिरवा तोडावा, एवढंच त्यांचं मागणं होतं.

वकिलाने त्यांना सांगितलं की धुराविरुद्ध देशात कायदाच नाही. खरंच नव्हता, पर्यावरण हा शब्दही आमच्याकडे कुणी वापरत नसे. दुसरा माणूस हात हलवत परत आला असता.

"कायदा नाही म्हणजे काय?" नाना म्हणाले. "अजून टाइप व्हायचाय, इतकंच."

आणि तो त्यांनी केला. कलम एक, धुराने शेजाऱ्याच्या कुंपणापाशी थांबावे. कलम दोन, थांबणे शक्य नसल्यास आल्या वाटेने परत जावे. कलम तीन, राखेने पडण्यापूर्वी घरमालकाची परवानगी घ्यावी. हा कायदा जोडून ते इस्टेटीला नोटिसा धाडायला लागले.

आता माझी पंचाईत ऐका. इस्टेटीच्या ऑफिसात टपाल घेणारा क्लार्क मीच. नाना सकाळी आमच्या दोन घरांमधल्या कुंपणावरून विचारायचे, "बाबू, आज ऑफिसात आहेस ना?" मी हो म्हणायचो. तासाभराने हॅट घालून माझ्या टेबलापुढे उभे. तिथे मी बाबू नाही.

"आपण इस्टेटीचे क्लार्क का?"

"नाना, काय हे?"

"आपलं पूर्ण नाव सांगावं."

मी सांगायचो. ते लिहून घ्यायचे, नोटीस पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचायचे, मी शिक्का मारायचो. संध्याकाळी तेच नाना आमच्या ओट्यावर बसून विचारायचे, "त्या विसिएने आज फार पिडलं का रे तुला?"

एकदा वैतागून मी म्हणालो, "नाना, ऊस इस्टेटीचा आहे, पण धूर तुमच्याकडे आणतो तो वारा. इस्टेट काय करणार?" मी आपला जीव सोडवायला बोललो. नानांनी मात्र ते वहीत लिहून घेतलं, आणि नाना लिहायला लागले की मला धडकी भरायची.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मला परसात बोलावलं. प्रतिवादी, वारा. राहणार, आग्नेय दिशा. नियम असा की सही घ्यायला कुणी सापडलं नाही तर नोटीस जागेवर डकवायची. त्यांनी ती कुंपणाजवळच्या पेरूच्या झाडाला खळीने डकवली आणि आम्ही दोघं सावधान उभे राहिलो. खळी ओलीच होती. झुळूक आली, कागद सुटला आणि उसावरून दिसेनासा झाला. मी कपाळाला हात लावला. नानांनी घड्याळ पाहून वहीत लिहिलं, "प्रतिवादीने नोटीस जातीने स्वीकारली," आणि मला म्हणाले, "सही कर."

आतून काकी हसत होत्या. हसता हसता त्यांना खोकल्याची उबळ आली, तसे नाना वही टाकून आत धावले.

पुढच्या चक्रीवादळांच्या मोसमात काकी गेल्या. तेव्हा ऊसतोड नव्हती, धूर नव्हता. छातीतच काही उरलं नव्हतं.

ऊसतोडीचा हंगाम आला तसे नाना पुन्हा ऑफिसात हजर. कोट, टाय, हॅट. माझं पूर्ण नाव विचारलं. मग वाचू लागले.

"अर्जदाराच्या पत्नीचा खोकला थांबला असल्याने तक्रारीस कारण उरलेलं नाही. सबब सर्व नोटिसा मागे घेत आहे. इस्टेटीने ऊस खुशाल जाळावा."

खाली त्यांनी सही केली. मी शिक्का मारला. ते हॅट काढून तिथेच बसले आणि म्हणाले, "बाबू, घरात श्वास कुणाचाच ऐकू येत नाही रे."

ते गेल्यावर मी कपाट उघडलं. आता तुम्हाला सांगायलाच हवं. त्यांची एकही नोटीस मी कधी मॅनेजरपर्यंत नेली नव्हती. साहेब चिडेल, शेजारी तुझाच ना म्हणेल, नोकरी जाईल, ही भीती. शिक्का मारायचा आणि कपाटात टाकायचं. त्या दिवशी सगळा गठ्ठा उचलला आणि साहेबापुढे ठेवला. त्याने चारदोन कागद चाळले, कायदा वाचून मोठ्याने हसला आणि क्रेओलमध्ये म्हणाला, "झिस सा?" एवढंच? एवढासा तर पट्टा. हिरवा तोडा म्हणावं. आधी का नाही सांगितलंस?

मी तोडणीच्या मुकादमाला निरोप दिला.

आठवड्याने तोडणीची माणसं आली आणि हिरवा ऊस तोडू लागली. पाल्याने त्यांचे हात चिरले जात होते, ती आम्हाला शिव्या देत होती. नाना कुंपणापाशी किती वेळ उभे होते. मी जवळ गेलो.

"मी तर मागे घेतल्या होत्या," ते म्हणाले. "तरी जाळला नाही. म्हणजे साहेब वाचत होता रे इतकी वर्षं. अनसूया म्हणायची, कुणी वाचत नाही तुमचं. वाचत होता ना?"

"हो नाना," मी म्हणालो. "सगळ्या वाचल्या त्याने."