सावलीला कुलूप

मुलांनो, सावलीला कुलूप कशासाठी लावतात?

मी हे वानराला विचारलं. हत्तीला विचारलं. मोराला तर दोनदा विचारलं. कुणी उत्तर दिलं नाही. तुमच्यापैकी कुणाला येत असेल तर हात वर करा. येत नसेल तर गप बसा आणि ऐका.

एका जंगलात झाडं फार झाली होती. म्हणजे राजाला तसं वाटलं. त्यानं झाडं तोडून दगडी रस्ता केला. रस्ता इतका रुंद, की हत्ती आडवा झोपला तरी रहदारी अडू नये. उन्हाळ्यात तो दगड असा तापायचा, की टिटवीनं अंडं घातलं तर पिल्लाऐवजी ऑम्लेट मिळायचं.

त्या रस्त्याकडेच्या बिळात माझी आक्का राहायची. आम्ही मुंगसं. आक्काला दोन पोरं, ठमी आणि बारक्या. दाजी राजाच्या कामावर दगड वाहायला जायचे. मी आक्काचा धाकटा भाऊ. आई गेल्यावर तिनंच मला वाढवलं होतं.

दुपारी बिळाची भट्टी व्हायची. बारक्याच्या अंगभर घामोळ्या उठल्या होत्या. तो दिवसभर खाजवायचा आणि रडायचा.

जंगलात एक मोर होता. तो पत्रक काढायचा. त्या आठवड्याचं पत्रक होतं, ‘उन्हाळ्यात सहकुटुंब सहल, तीही स्वस्तात! दहा रम्य ठिकाणं.’ मोर कारंज्याखाली बसून लिहायचा. त्यामुळे त्याला उन्हाळा रम्य वाटायचा.

आक्काला वाचता येत नव्हतं. मी घुबडाच्या शाळेत दुसरीपर्यंत गेलो होतो. म्हणून मी वाचलं.

“पहिलं ठिकाण, डोंगरावरचा धबधबा. जायला गाढव भाड्यानं करावं.”

“पुढचं वाच.”

“बर्फाची गुहा. डोईला वीस अंडी.”

“आपण कधी वीस अंडी एका जागी बघितली का रे? पुढचं.”

असं करत दहावं आलं. “राजवन उद्यान. प्रवेश मोफत. वड, तळं, गार वारा. दुपारच्या उन्हात मुलांना अवश्य सावलीत न्या.”

“फुकट?” आक्का म्हणाली. “नीट बघ, धाकल्या.”

“फुकटच आहे.”

“आणि ते खाली बारीक काय लिहिलंय?”

खाली मुंगीच्या पायाएवढी अक्षरं होती. जोडाक्षरं होती. मला कंटाळा आला.

“काही नाही,” मी म्हणालो. “मोराची सही आहे.”

दुसऱ्या दिवशी आक्कानं तळलेले नाकतोडे पानात बांधले. ठमीनं तीनदा शेपटी विंचरली. बारक्या वाटभर विचारत होता, “मामा, तळ्यात उडी मारली तर चालते?” मी म्हणालो, “दोन मार. तुझा मामा आहे ना.”

आम्ही अकरा वाजता पोचलो. फाटकाला कुलूप होतं. कुलपाशेजारी काठी घेऊन वानर उभा होता.

“दहा ते पाच बंद,” वानर म्हणाला.

“अहो, पण पत्रकात दुपारी या असं आहे,” आक्का म्हणाली.

“पत्रकातच खाली दहा ते पाच बंद असंही आहे. वाचता येत नाही?”

आक्कानं माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. मुलांनो, तिनं एक थोबाडीत मारली असती तर मला आज बरं वाटलं असतं.

“बंद कशासाठी?” मी विचारलं.

“देखभाल.”

“कसली?”

“सावलीची. दुपारी सगळे येऊन बसले तर सावली झिजते.”

मी गजातून आत पाहिलं. वडाखाली सात हत्ती लोळत होते. ती उद्यान समितीची बैठक होती. विषय होता, वाढता उन्हाळा.

“त्यांनी नाही का झिजत?”

“ते बसलेले नाहीत. ते विचार करतायत.”

मी फाटकावर झेप घेतली. लोखंडानं पंजे भाजले, वरून वानरानं काठी हाणली.

“धाकल्या, उतर खाली,” आक्का म्हणाली. “परत जायचं तर तेवढंच ऊन तुडवावं लागेल. थांबू इथंच. पाच वाजायला असा किती वेळ लागतो?”

बाहेर एकही झाड नव्हतं. उद्यानाची पाटी लांबून दिसावी म्हणून तिथली झाडंही तोडली होती. मी पाणी आणायला दूरच्या ओढ्याकडे धावलो.

मुंगूस नागासमोर अंगावरचे केस फुलवतं. मग ते दुप्पट दिसतं आणि नाग बिचकतो. माझ्या आक्कानं उन्हासमोर केस फुलवले. तिची सावली दुप्पट झाली. त्या सावलीत तिनं दोन्ही पोरांना निजवलं. सूर्य सरकला की ती सरकायची. मी पानाच्या द्रोणातून पाणी आणलं, तेव्हा द्रोण निम्मा सांडला होता.

“आधी पोरांना,” ती म्हणाली.

ते पाणी पोरांपुरतंच झालं. मी पुन्हा ओढ्याकडे धावलो.

फाटक पाच वाजता उघडलं. अगदी ठोक्याला. त्यात वानराला नावं ठेवता येणार नाहीत. ठमी आणि बारक्या आत पळाले. आक्का उभीच होती, केस फुलवून. मी द्रोण तिच्या तोंडाला लावला. पाणी हनुवटीवरून खाली आलं. मग आक्का खाली आली.

समितीतला एक हत्ती बाहेर आला. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. त्याच्याकडे पाण्याला तोटा नव्हता.

“अरेरे,” तो म्हणाला. “दोन पावलं आत असती तर वाचली असती.”

समितीनं दुखवट्याचा ठराव केला. आक्का जिथं पडली तिथं पाटी लावली, ‘येथे उन्हात उभे राहू नये.’ मोरानं नवं पत्रक काढलं, ‘उन्हापासून बचावाचे सात सोपे उपाय.’ पहिला उपाय होता, सावलीत बसा.

मला फार काही येत नाही. खणता येतं. मी आठ दिवस कुंपणाखालून खणलं आणि नवव्या दिवशी वडाच्या मुळाशी बाहेर आलो. भर दुपारी ठमीला आणि बारक्याला आत आणून मुळांच्या बेचक्यात ठेवलं. बारक्याचं खाजवणं थांबलं. दोघं झोपली.

इतक्यात एका हत्तीनं सोंड उचलली. “घूस! घूस शिरली!”

मुंगूस आणि घूस यांतला फरक न कळणारे उद्यान चालवत होते, मुलांनो.

पोरं दिसू नयेत म्हणून मी हत्तींच्या पायांतून पळालो आणि भोकातून बाहेर पडलो. वानरानं घाईनं कुलूप काढून कडीला अडकवलं आणि फाटक उघडलं. समितीही मागून धावली. तिनं दुपारचं ऊन पहिल्यांदाच पाहिलं. वीस पावलांत सातही हत्ती धापा टाकत खाली बसले. वानर त्यांना कानांनी वारा घालायला सांगत होता. मी वळसा घालून परत आलो, किल्लीसकट कुलूप दातात धरलं आणि जंगलाच्या हद्दीपलीकडे गेलो.

आता मी हद्दपार आहे. दिसलो तर तुडवायचा हुकूम आहे. पण टिटवी येऊन सांगते. समितीला नवं कुलूप घ्यायचं आहे. त्यासाठी तीन सुतारपक्ष्यांकडून दरपत्रकं मागवली आहेत. सुतारपक्षी कुलपं करत नाहीत, हे त्यांना अजून कळलेलं नाही. तोवर फाटक दिवसभर उघडं असतं. दाजी कामावर जाताना पोरांना वडाखाली सोडतात. बारक्या तळ्यात उड्या मारतो. दोन नाही, वीस. ठमी विचारते, मामा कुठं गेला.

कुलूप मी पुरलं. आक्कासाठी खणलं होतं, तेवढंच खोल खणलं.

तात्पर्य : मुलांनो, नेहमी धीर धरावा. धीर धरणाऱ्यांसाठी फाटक अगदी वेळेवर उघडतं.